नळीच्या तोंडाशी

९ जानेवारी

ही वही नवऱ्याची. माशांच्या टाकीच्या वरच्या फळीवर पंचवीस वर्षांच्या अशा वह्या रचलेल्या आहेत आणि एकीलाही मी हात लावायचा नाही असा दंडक होता. शेवटची नोंद दोन डिसेंबरची आहे : ‘पाणी २८ अंश. मादीचं पोट भरलंय. या खेपेला नक्की.’ तीन तारखेला सकाळी बाथरूममध्ये पडला. उजवी बाजू गेली, वाचा बरीचशी गेली. आता आतल्या खोलीत पलंगावर असतो. टाकी बाहेरच्या खोलीत, मध्ये एक भिंत. पुढची कोरी पानं फुकट कशाला घालवायची, म्हणून मी लिहिणार.

वहीत त्याला ‘तो’ म्हणणार. चाळीस वर्षं अहो-जाहो करून जीभ झिजली, कागदावर तरी जरा पाय पसरून बसते.

१० जानेवारी

मासे तीन. पट्टेवाले कॅटफिश. बोटाएवढे लांब, अंगावर काळे-पांढरे पट्टे, तोंड पोटाकडे. दिवसभर मातीच्या नळ्यांत घुसून बसतात, बाहेर येतात ते काकडीची चकती चोखायला. यांच्यात बघण्यासारखं काय आहे ते देव जाणे. एक मोठा नर, एक धाकटा नर, एक मादी. नळ्या दोन, एका टोकाला बुजवलेल्या. याने त्या स्वतः माप देऊन घडवून घेतल्यात, नराच्या अंगापेक्षा एक सूत रुंद. आयुष्यभर कारखान्यात फिटर होता, सूतभर चूक खपत नसे. घरात तर नाहीच नाही.

मोठा नर धाकट्याला दुसऱ्या नळीतही नीट बसू देत नाही. स्वतःची सोडून दुसऱ्याच्या दाराशी जाऊन त्याला गालावरच्या काट्यांनी ढोसतो. ओळखीचं वाटलं.

या पंचवीस वर्षांत आमच्या टाकीत अकरा वेळा अंडी झाली. अकराही वेळा नराने ती नळीबाहेर फेकली. एकही पिल्लू जगलं नाही. एक पिल्लू बघायचं, एवढी एकच इच्छा याच्या मनात राहिलीय. मुलगी झाली तेव्हा बघायला चौथ्या दिवशी आला होता.

१३ जानेवारी

पाणी बदललं. त्याची पद्धत अशी : आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या, गरम पाणी मिसळायचं, थर्मामीटर घालायचा, तांब्या-तांब्याने ओतायचं. बादल्या उचलायच्या मी, थर्मामीटर धरायचा त्याने. आज मी सरळ नळाला पाइप लावला. अर्ध्याहून जास्त जुनं पाणी काढून टाकलं आणि थंडगार पाणी सोडलं. मेले तर सुंठीवाचून खोकला गेला.

आतून तो ओरडायला लागला. “को... को... कोमट!”

“कोमटच आहे हो,” मी म्हटलं, आणि नळ आणखी सोडला.

१६ जानेवारी

मेले नाहीत. उलट अंगात वारं शिरल्यासारखे फिरताहेत. मादी सकाळपासून मोठ्या नराच्या नळीच्या तोंडाशी होती. दुपारी भांडी घासून आले तर आत गेलेली. आणि तोंडाशी नर आडवा. तिला बाहेर यायला जागा नाही.

जुन्या वह्या काढून वाचल्या. लिहिलंय, ‘नराने मादीला कोंडलं. दोन-तीन दिवस सोडणार नाही. अंडी घालेपर्यंत हलू देणार नाही.’ खाली दोन रेघा ओढल्यात, आनंदाने.

तसलंच एक पान बावीस वर्षांपूर्वीचं आहे. ते शोधलं. तारीख मला पाठ होती. ‘मादी आत. पाणी चार वेळा बदललं.’ बस, एवढंच. त्या दिवशीचा फोन त्यात नाही.

आज लिहूनच टाकते. फोन बाहेरच्या खोलीत होता, टाकीशेजारी. मी बादल्या आणत होते. त्याने उचलला, दोन मिनिटं बोलला, ठेवला. “कोण?” म्हटलं तर “राँग नंबर.” तिसऱ्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला. आई गेली होती. भाऊ म्हणाला, परवाच कळवलं होतं ना तुला? मग हा बोलला, अगदी शांतपणे : हो, शेजारणीचा फोन होता, आईला बरं नाही म्हणून. तू गेली असतीस तर इथलं पाणी कोणी भरलं असतं? आणि जाऊन काय करणार होतीस, ती शुद्धीतच नव्हती म्हणे.

त्या खेपेलाही अंडी फेकलीच नराने. मी तेराव्यालाही पोचले नाही, कारण तोवर माझ्या अंगात ताप होता.

बावीस वर्षांत ‘चुकलं’ हा एक शब्द याच्या तोंडून निघाला नाही. मला तो हवाय. दुसरं काही नको.

१७ जानेवारी

संध्याकाळी तोंड पुसताना सांगून टाकलं. “आईच्या फोनचं माझं चुकलं, एवढं म्हणा. मग टाकीत काय चाललंय ते रोज सांगेन. तोवर नाही.”

एवढे शब्द त्याला येतात. ‘पाणी’ येतं, ‘नको’ येतं, ‘थंड आहे’ येतं. कालच मला ‘मूर्ख’ म्हणाला, स्वच्छ. तर ‘चुकलं’ न यायला काय झालं? त्याने भिंतीकडे मान फिरवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मग मीही पलंग फिरवला. आता त्याच्या डोळ्यांसमोर फक्त भिंत.

१९ जानेवारी

मादी बाहेर आली. पोट रिकामं, शेपटी फाटलेली, एका बाजूचे पट्टे खरवडलेले. नर आतच. काकडी टाकली तरी आला नाही. शेपटी तेवढी दिसते, हलवतोय, थांबतच नाही. वहीत लिहिलंय की अंड्यांना असा वारा घालतो, तोवर जेवत नाही. म्हणजे अंडी आहेत.

मी वाकून बघितलं नाही. तो हे करायचा. दर दोन तासांनी गुडघे टेकून, नळीच्या तोंडाशी टॉर्च लावून, एक डोळा मिटून. माझे गुडघे तेवढे स्वस्त नाहीत.

त्याने विचारलं, “मा... दी?”

“मेली,” मी म्हटलं.

त्याचा डावा हात चादरीवर उघडला, मिटला. मी सूप आणायला गेले. स्वयंपाकघरात माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

२१ जानेवारी

आज धाकटा नर सापडला. दुसऱ्या नळीमागे, फुगलेला, डोळे नाहीत. काल तो मोठ्याच्या नळीजवळ गेला असणार. बशीत घेतला आणि आत नेला.

“हा तुमचा मोठा नर,” मी सांगितलं. “अंडी झाली होती. एकेक करून सगळी बाहेर फेकली आणि मग हा.”

बशी नाकाशी धरली. वास येत होता. त्याने बराच वेळ बघितलं. मग रडला. अर्ध्या चेहऱ्याने रडतो, लाळ गळते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि मी नीट बघितलं, खुर्ची ओढून.

“म्हणा, चुकलं.”

“नको,” म्हणाला. बशी नको, की शब्द नको, ते कळलं नाही. मी बशी तासभर तिथेच ठेवली.

२४ जानेवारी

लेकीचा रविवारचा फोन. “आई, तू दमतेस. बाई ठेव ना कोणी.” म्हटलं, नको, मला जमतं. “बाबांशी बोलू दे.” म्हटलं, झोपलेत. झोपला नव्हता. पोरीचा आवाज आला की त्याला धीर येतो, आणि मला तो धीर नकोय. “मासे कसे आहेत?” तिने विचारलं. “आहेत, जेवताहेत,” म्हटलं. पोरीशी खोटं बोलायची मला सवय नाही.

२७ जानेवारी

दाराशी बुडबुडे आला. मासळीवाला नव्हे, शोभेच्या माशांचं दुकान आहे त्याचं. बोलायला लागला की थांबत नाही म्हणून सगळा बाजार त्याला बुडबुडे म्हणतो. याचा एकुलता एक मित्र. दोन डझन केळी घेऊन आलेला.

“वहिनी, पाच मिनिटं भेटतो त्याला.”

“डॉक्टरांनी माणसं नको सांगितलंय.”

केळी ठेवून घेतली, त्याला उंबऱ्यावरच ठेवला. पण त्याची नजर टाकीकडे गेली आणि तो तिथेच गप्प झाला. बुडबुडे गप्प होणं म्हणजे अघटितच. नळीच्या तोंडातून एक इवलंसं शेपूट बाहेर आलं होतं, पोटाला पिवळी पिशवी लटकलेली. नराने त्याला ढकलून परत आत नेलं.

“वहिनी... हे कुणी केलं?”

“कोणी नाही. मी नळाचं थंड पाणी सोडलं.”

“टॉर्च?”

“कसला टॉर्च?”

त्याने कपाळावर हात मारला. आवाज दाबून म्हणाला, “तोच तर घोळ होता हो! उजेड पडला की नर घाबरतो आणि अंडी बाहेर लोटतो. नवशिक्यालाही कळतं. मी एकदा बोललो त्याला. म्हणाला, तू दुकान सांभाळ, मला माप शिकवू नकोस. महिनाभर फिरकला नाही. मग मी कशाला बोलतोय? गिऱ्हाईक पण तोच, मित्र पण तोच.”

म्हणजे अकराही वेळा. मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं.

बुडबुड्याला त्याच्या आईची शपथ घालून घेतली, आत एक अक्षर जाऊ द्यायचं नाही. त्याला विचित्र वाटलं असणार, पण पिल्लांपायी कबूल झाला.

३१ जानेवारी

पिल्लांना खायला जिवंत काहीतरी लागतं. बुडबुड्याने बाटली दिली. त्यात मिठाचं पाणी, खालून हवेची नळी, आणि चिमूटभर तपकिरी भुकटी. ती भुकटी म्हणजे बारीक किड्यांची अंडी. दीड दिवसाने पाण्यात केशरी ठिपके नाचायला लागतात. दिवसभर गुडगुड गुडगुड चालू.

आत पलंगावर त्याने कान टवकारले. “आवाज?”

“शेजाऱ्यांचा पंप.”

त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू ओढली गेली, बराच वेळ तशीच राहिली. हातपाय आणि जीभ हलवून घ्यायला येते त्या व्यायामवालीला विचारलं पाहिजे, असे झटके वाढले तर कुठलं औषध.

८ फेब्रुवारी

मोजली. काचेला चिकटून बसतात तेव्हा मोजता येतात. सतरा. नखाएवढी, पण पट्टे सगळे जागच्या जागी, कोणीतरी पेनाने ओढावेत तसे. नर बाहेर आला आज. हाडं दिसताहेत. तीन आठवडे पोटात काही नाही आणि तरी दाराशी बसून होता. मी काकडी टाकली, वर थोडं मटारही. बिचारा.

हे ‘बिचारा’ लिहिलं आणि थबकले. यानेच मादीला तीन दिवस कोंडलं होतं, धाकट्याला मारलं होतं. पण लिहिलंय ते लिहिलंय, खोडणार नाही.

१५ फेब्रुवारी

तो हल्ली शांत असतो. सूप थंड दिलं तरी बोलत नाही. चादर उशिरा बदलली तरी नाही. हे मला आवडत नाही. भिंतीवर डोकं आपटून काय उपयोग, भिंतीला लागलं पाहिजे.

रोज विचारते. “चुकलं म्हणायचंय?” तो कान लावून भलतंच काहीतरी ऐकत असतो.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर विचार करतेय. मी त्याला सांगितलं की सगळं मेलं. पण मेलेल्याचं दुःख माणूस पचवतो, नशीब म्हणून. खरं सांगितलं तर? की सतरा पिल्लं आहेत, आणि ती आहेत कारण तू पलंगावर आहेस. की पंचवीस वर्षं तूच मारत होतास, गुडघे टेकून, टॉर्च लावून. हे कुठल्या मापात बसवेल तो?

मी एवढी वाईट केव्हा झाले ते आठवत नाही. पण मनात आलं की अंगाला बरं वाटतं, हे खरं आहे.

१ मार्च

आज सांगितलं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला त्याला उशीला टेकवून बसवलं. दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. काचेच्या वाडग्यात सतराही पिल्लं घेतली आणि त्याच्या मांडीवर धरली.

“बघा. मादीही जिवंत आहे. नरही. मेला तो धाकटा.”

वाटलं होतं डोळे फाटतील. तो पिल्लांकडे बघून हसला. डावीकडचा ओठ वर गेला. तो झटका नव्हता, हेच हसणं होतं महिनाभर.

“माहीत... होतं,” म्हणाला. “बाटली. गुडगुड.”

महिनाभर मी त्याला उपाशी ठेवत होते आणि तो भिंतीआडून जेवत होता. मग मी राखून ठेवलेलं सगळं ओतलं. बुडबुडे काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. टॉर्च, उजेड, नर घाबरतो. अकरा वेळा. नवशिक्यालाही कळतं. “मी एकदाही डोकावले नाही, म्हणून ही जगली. तुम्ही बघत होतात म्हणून ती मरत होती. माझी आई ज्या अंड्यांपायी हुकली ना मला, ती पण तुम्हीच मारलीत.”

हे लागलं. हसू गेलं. वाडग्यावरून नजर उचलेना. एक बोट पाण्यात घातलं, पिल्लं पांगली. मला वाटलं आता येतोय तो शब्द. मी थांबले.

“फोन,” तो म्हणाला.

“हं. फोन. म्हणा.”

“शेजारीण... नव्हती.”

मला कळेना.

“तुझी आई. स्वतः. बोलली.”

मी वाडगा काढून खाली ठेवला. “शुद्धीत नव्हती ती.”

“होती. तेव्हा होती.” प्रत्येक शब्दाला त्याला घाम फुटत होता. “म्हणाली... हिला द्या.”

“आणि तुम्ही?”

“सांगितलं... बाजारात गेलीय.”

मी तिथेच होते. मोरीत, दहा पावलांवर, वाहत्या नळाखाली बादली धरून, म्हणून शब्द कानावर आले नाहीत. मला आठवतं, बादली आणून मी न वाजवता खाली ठेवली होती, फोन चालू आहे म्हणून.

“मग? मग काय म्हणाली ती?”

“बरंच... बोलली. सांगा म्हणाली... तिला.”

“काय सांगा?”

त्याने डोळे मिटले. मी दंड धरून हलवलं, ओरडले, गालावर मारलं. हो, मारलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

२ मार्च

दिवसभर विचारलं. बोलला नाही. ‘पाणी’ म्हणाला, दोनदा.

शब्द मागितला होता, तोही नाही मिळाला.

५ मार्च

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, शब्द कधी येतील, कधी अडकतील, मनावर ताण आला तर आणखीच. आणि मुद्दाम बोलत नसले तर? डॉक्टर हसले. “ते मला कसं कळणार? चाळीस वर्षं तुमचा संसार आहे.”

बुडबुड्याला आणि दोन हमालांना बोलावून टाकी आतल्या खोलीत आणली. पलंग फिरवला. उशी उंच केली, मादी नीट दिसेल अशी. बुडबुड्याला रोज यायला सांगितलंय, केळी न आणता. तो तासभर बसतो, हे ऐकतात. सूप गरम देते. लेकीचा फोन ह्यांच्या कानाला लावते.

व्यायामवाली एकेक शब्द म्हणून घेते. ‘घर’ म्हणाले, ‘दार’ म्हणाले. तिने ‘आई’ म्हणायला सांगितलं. माझ्याकडे बघत अगदी स्वच्छ म्हणाले, “आई.” पुढे काही नाही.

११ मार्च

मी पाया पडले आज. लिहायला लाज वाटते पण पडले. म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, माझंच चुकलं, धाकट्याला बशीत घालून आणलं ते चुकलं, पलंग फिरवला ते चुकलं. फक्त सांगा. एक वाक्य सांगा. खोटं सांगितलंत तरी चालेल.

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अर्धा चेहरा हलत नाही, उरलेल्या अर्ध्यावरून काय ओळखायचं? आठवत नसेल. येत नसेल. किंवा येत असेल.

भावाला फोन करून बघितला. तो तेव्हा परगावी होता, त्याला काही ठाऊक नाही. आईच्या घरी फोन नव्हता; ज्या शेजारणीकडून तिने केला असणार ती सात वर्षांपूर्वी वारली. आईचं ते बोलणं आता एका ह्यांच्याशिवाय कोणापाशीच नाही. मी चमच्याने सूप भरवते आणि प्रत्येक चमच्याला विचारते. हे तोंड उघडतात, सूप गिळतात, आणि मासे बघतात.